खाण राष्ट्राची, निर्णय कोणाचा?

डेन्मार्कच्या छत्राखालील ग्रीनलँड बेटाची लोकसंख्या सुमारे ५६ हजार. पोट मासेमारीवर, सरकारी खर्चाचा निम्मा भार डॅनिश अनुदानावर, संरक्षण खातेही कोपनहेगनकडेच. तरीही १९७९ च्या स्वशासनाची कक्षा २००९ च्या कायद्याने रुंदावली व खनिजांवरील अधिकार बेटवासीयांकडे आला. २०२१ मध्ये तेथील संसदेने युरेनियमच्या खाणकामाला बंदीही घातली!

भंडारा जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज सार्वजनिक क्षेत्रातील ‘मॉईल’ काढते. खाण राष्ट्राची झाली, हे योग्यच. परंतु राष्ट्र म्हणजे केवळ दिल्ली-मुंबईची मंत्रालये काय? २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आला. खोदाईचा निर्णय मात्र वरच राहिला. खाणपट्ट्याचा प्रत्येक प्रस्ताव प्रथम तुमसर तालुक्यातील बाधित ग्रामसभांपुढे आला पाहिजे, आणि त्यांचा नकार बंधनकारक असला पाहिजे.