दूध की रस?

मंडळी, गेल्या महिन्यात सुरतेजवळ पलसाण्याला भाचीकडे गेलो होतो. तिने रात्रभर भिजवलेले बदाम सोलले, चौपट पाणी घालून वाटले, फडक्यातून पिळले. "घ्या मामा, बदामाचे दूध!" मला आमचा नारळ आठवला: आधी दाट रस, मग पातळ. गोव्यात आपण त्याला रसच म्हणतो. बदामालाही तोच शब्द बरा. कारण भाची हे 'दूध' दोन वर्षांच्या मुलाला गाईच्या दुधाऐवजी देत होती! घरच्या या रसात प्रथिने थोडी, कॅल्शियम नाममात्र; विकतच्या बऱ्याच खोक्यांत ते वरून घातलेले असते. मोठ्यांनी खुशाल प्यावे, पण पोराचे दूध तोडू नकोस, म्हटले. ती जरा रुसली. चोथ्याच्या वड्या मात्र फर्मास झाल्या होत्या.