अनुकरणाची लाज कशाला?

चित्रकलेच्या शिक्षणासंबंधी एक मत अलीकडे मोठ्या आग्रहाने मांडले जाते. मुलाच्या हाती कोरा कागद द्यावा, पुढे दुसऱ्याचे चित्र मुळीच ठेवू नये. नकलेने प्रतिभा मरते, असे हे मत आहे. ते ऐकावयास गोड आहे, पण खरे नाही.

कोऱ्या कागदाची महती पुणतांब्यास कोणी नव्याने सांगावयास नको. गोदाकाठच्या या गावी चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांस कोरे पत्र धाडणारा हा महायोगी अखेर लहानग्या मुक्ताबाईस शरण गेला, अशी परंपरा आहे. गुरू करण्यात कमीपणा नाही, हाच त्या कथेचा इत्यर्थ. मग चित्रकारानेच तेवढे स्वयंभू का असावे?

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे ‘शयनगृह’ घ्या. १८८८ साली आर्ल येथे त्याने आपलीच खोली रंगविली: एक पलंग, दोन खुर्च्या, एक मेज, भिंतीवर काही तसबिरी. पुढल्याच वर्षी त्याने या चित्राच्या आणखी दोन आवृत्त्या काढल्या. मिलेच्या चित्रांच्या एकरंगी छापांवरूनही वीसेक चित्रे रंगविली. ज्याच्या स्वतंत्र बुद्धीचे दाखले आपण देतो, त्याला नकलेची लाज वाटली नाही. आपल्याकडे १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्यांतलेच पेस्तनजी बोमनजी. पुढे पारशी घरांतील साधे प्रसंग रंगवून त्यांनी नाव मिळविले. नकलेने त्यांची प्रतिभा मेली काय?

आक्षेपकांच्या म्हणण्यात एक अंश खरा आहे. छापील रेघांत आकड्यांबरहुकूम रंग भरणे हे शिक्षण नव्हे, ती निव्वळ भरताड होय. खरी नक्कल प्रश्न विचारावयास लावते. या खोलीत सावल्या का नाहीत? भिंती निळ्या का? व्हॅन गॉगने पत्रांत त्या फिक्या जांभळ्या म्हटल्या आहेत. रंगातील तांबडा अंश काळाने उडाला आणि निळा उरला. हे हाताने रंग कालवणाऱ्यासच नीट उमगते.

अशी एक नक्कल मनापासून केल्यावर मुलाने आपल्या माजघराकडे वळावे. फडताळ, खुंटीवरचा सदरा, कोनाड्यातील दिवा हे सारे तो रोज पाहतो, पण त्यात चित्र आहे हे त्यास कोणी दाखविलेले नसते. तेव्हा पालकहो, मुलास कोरा कागद अवश्य द्या. मात्र त्याच्या शेजारी एक चांगले चित्रही ठेवा.