येणार, येणार... आलाच नाही!

प्रत्येक ऑफिसात एक तरी नमुना असतोच. ‘बॉस, सहा महिन्यांत आपली स्वतःची कंपनी!’ लोगो तयार, टी-शर्ट छापून झालेले. फक्त कंपनी तेवढी यायचीय. हसू नका, कारण परवापर्यंत तो नमुना मीच होते.

‘दिवाळीत माझा पॉडकास्ट येतोय’ असं मी सगळ्या ग्रुप्सवर टाकलं. दोनशे लाइक्स आले. आईनं लगेच सोलापूरच्या मावशीला कळवलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग मावशीचा फोन: ‘काय गं, तुझं ते रेडिओसारखं काय होतं, ते लागतं कुठे?’

आणि मला फँटम आठवला.

फँटम हा व्हिडिओ गेम कन्सोल. फ्लोरिडातल्या इन्फिनियम लॅब्स या कंपनीनं जानेवारी 2003 मध्ये त्याची घोषणा केली. आयडिया काय, तर सीडी-बीडीची कटकटच नाही. खोकं टीव्हीला जोडा, ब्रॉडबँडवरून पीसीचे गेम्स डाउनलोड करा आणि खेळा. दोन वर्षांची वर्गणी भरलीत तर खोकं फुकट! सोनी आणि मायक्रोसॉफ्टशी टक्कर घ्यायचा बेत होता, राव. पहिल्या एक्सबॉक्सच्या टीममधला केविन बॅकस कंपनीत आला. मे 2004 मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात फँटम झळकला. तारीख ठरली, नोव्हेंबर 2004.

नोव्हेंबर आला, फँटम नाही. मग 2005 ची तारीख, मग पुढची. बॅकसही सोडून गेला. 2006 पर्यंत तोटा 6 कोटी डॉलर्सच्या वर गेला होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं संस्थापक टिमोथी रॉबर्ट्सवर आरोप ठेवला, की शेअरचा भाव फुगवायला लोकांना जाहिरातींचे फॅक्स पाठवले गेले. ते प्रकरण पुढे तडजोडीनं मिटलं. शेवटी 2008 मध्ये बाजारात काय आलं? मांडीवर ठेवायचा कीबोर्ड! नाव ठेवलं तसं झालं. फँटम म्हणजे भासच की.

पण मला टोचतं ते वेगळंच. आयडिया चुकीची नव्हती! सप्टेंबर 2003 मध्ये स्टीम आलं आणि पीसीचे गेम्स डाउनलोड करणं पुढे अंगवळणीच पडलं. 2017 मध्ये एक्सबॉक्स गेम पासनं महिन्याच्या वर्गणीवर गेम्स दिले. 2020 मध्ये सोनीनं डिस्कची फटच नसलेला प्लेस्टेशन 5 विकायला काढला. म्हणजे फँटमवाल्यांना पुढचं दिसत होतं. त्याचे मार्क मात्र शून्य. ‘हे मला आधीच सुचलं होतं’ याला मार्केटमध्ये भाव नाही.

आपलंही तेच होतं ना? घोषणा केली की शाबासकी तिथेच मिळते. काम झाल्यासारखं वाटतं आणि मग ते करायची भूकच मरते. माझे दोनशे लाइक्स आठवा.

म्हणून गेल्या रविवारी कुणालाही न सांगता पहिला एपिसोड रेकॉर्ड केला. अकरा मिनिटांचा. आधी मावशीला पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन, म्हणजे पूर्ण ऐकलाच नव्हता! ‘पंख्याचा आवाज फार येतोय गं.’

येऊ दे. आवाज आला तर खरा!