हृदयविकार : दर घटला, मृत्यू वाढले

हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताभिसरण संस्थेचे इतर आजार यांनी २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ९८ लाख लोकांचा बळी घेतला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जगात होणाऱ्या दर तीन मृत्यूंपैकी जवळपास एक मृत्यू या आजारांमुळे होतो. त्यातही तीन चतुर्थांशांहून अधिक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्न गटातील देशांमध्ये होत आहेत. श्रीमंतांचा आजार ही हृदयविकाराची जुनी ओळख त्यामुळे कालबाह्य ठरली आहे. भारतासारख्या देशाच्या आरोग्य धोरणापुढे यातून कोणते प्रश्न उभे राहतात, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या विषयावरील आकडेवारी प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटते. जागतिक रोगभाराच्या अभ्यासानुसार १९९० मध्ये या आजारांनी १ कोटी २१ लाख लोक दगावले होते. २०१९ मध्ये हा आकडा १ कोटी ८६ लाखांवर गेला. याच काळात आजार घेऊन जगणाऱ्यांची संख्या २७ कोटी १० लाखांवरून ५२ कोटी ३० लाखांवर, म्हणजे जवळपास दुपटीवर पोहोचली. दुसरीकडे, लोकसंख्येची वाढ आणि तिचे वाढते वयोमान यांचा परिणाम वगळून काढलेला मृत्युदर मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला आहे. एखाद्या विशिष्ट वयाच्या व्यक्तीला या आजाराने मृत्यू येण्याचा धोका जागतिक सरासरीने पाहता १९९० पेक्षा आज कमी आहे. तरीही लोकसंख्या वाढली, संसर्गजन्य रोगांवर बऱ्याच अंशी नियंत्रण आल्याने आयुर्मान वाढले आणि ज्या वयात हृदय थकते त्या वयापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्याही वाढली. म्हणूनच दर घटूनही रुग्णालयांवरील भार वाढतच राहिला. शिवाय ही घट सर्व देशांच्या वाट्याला सारखी आलेली नाही, हा यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वयाबरोबर रक्तदाब वाढणे ही नैसर्गिक बाब मानली जात असे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले, तेव्हा त्यांचा रक्तदाब अनेक वर्षे वाढलेला होता आणि त्यावर परिणामकारक औषधही उपलब्ध नव्हते. त्यानंतर १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. उच्च रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध या अभ्यासातून स्पष्ट झाला. हृदयविकार दैवाधीन नसून त्याची कारणे ओळखता येतात आणि ती दूरही करता येतात, हा विचार येथून रुजला.

तो विचार अमलात आणणाऱ्या देशांमध्ये फिनलंडचे उदाहरण बोलके आहे. त्या देशाच्या पूर्वेकडील उत्तर करेलिया प्रांतात ऐन उमेदीतील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू १९६०च्या दशकात जगात सर्वाधिक मानल्या जाणाऱ्या प्रमाणात होते. स्थानिक नागरिकांनीच सरकारकडे उपाययोजनेची मागणी केली आणि १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तेथे एक प्रकल्प सुरू झाला. लोणी आणि मीठ कमी करणे, वनस्पती तेल, फळे व भाज्यांचा वापर वाढवणे, धूम्रपान सोडवणे आणि रक्तदाबाची नियमित तपासणी करणे, एवढेच त्याचे स्वरूप होते. गृहिणींच्या संघटना, शाळा, दुग्ध व्यावसायिक आणि खाद्यपदार्थ उत्पादक यांना त्यात सहभागी करून घेण्यात आले. पुढील साडेतीन दशकांत ३५ ते ६४ वर्षे वयोगटातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू तेथे ८० टक्क्यांहून अधिक घटले.

अमेरिकेतही १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हा मृत्युदर उतरणीस लागला. तेथील १९८० ते २००० या काळातील घटीचे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार घटीचा सुमारे ४७ टक्के भाग औषधोपचार व शस्त्रक्रियांमुळे, तर सुमारे ४४ टक्के भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान कमी झाल्यामुळे साधला गेला. प्रतिबंध आणि उपचार या दोन्ही चाकांवर हा गाडा पुढे गेला, असा याचा अर्थ होतो.

गरीब देशांमध्ये नेमके काय घडते, यावर सतरा देशांतील दीड लाखांहून अधिक लोकांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने प्रकाश टाकला. धोक्याच्या घटकांचे एकत्रित प्रमाण श्रीमंत देशांत सर्वाधिक आणि गरीब देशांत सर्वांत कमी आढळले. प्रत्यक्ष मृत्यूंचे चित्र मात्र नेमके उलट होते. ज्यांना धोका अधिक, ते जगतात आणि ज्यांना धोका कमी, ते दगावतात, ही विसंगती केवळ आहार-विहाराच्या सवयींनी स्पष्ट होत नाही. वेळेवर निदान, नियमित औषधे आणि झटका आल्यानंतर तातडीचे उपचार यांची उपलब्धता हेच त्यामागील मोठे कारण आहे.

भारताची परिस्थिती या पार्श्वभूमीवर पाहावी लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०१७ मध्ये मांडलेल्या राज्यनिहाय अहवालानुसार, देशातील एकूण मृत्यूंमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता. तो २०१६ मध्ये २८.१ टक्के झाला. केरळ, पंजाब आणि तामिळनाडू या राज्यांत या आजारांचे प्रमाण अधिक आढळले. दक्षिण आशियातील लोकांना हा आजार लवकर गाठतो, ही चिंतेची दुसरी बाब आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावन्न देशांच्या अभ्यासातील माहितीनुसार पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे मध्यमान वय दक्षिण आशियात ५३ वर्षे, तर इतर देशांत सुमारे ५९ वर्षे होते. सहा वर्षांचा हा फरक कुटुंबाच्या अर्थकारणात फार मोठा ठरतो. मुलांचे शिक्षण सुरू असताना, कर्ज फिटायचे असताना घरातील कमावती व्यक्ती निघून जाते.

ग्रामीण भागही आता सुरक्षित राहिलेला नाही. भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी मृत्यू अभ्यासानुसार, २००० ते २०१५ या काळात ३० ते ६९ वर्षे वयोगटातील हृदयविकाराच्या मृत्यूंचा दर ग्रामीण भागात वाढत जाऊन शहरी दराच्याही पुढे गेला. आजार आधीपासून ठाऊक असूनही दगावलेल्यांपैकी किमान निम्मे जण नियमित औषध घेत नव्हते, असेही त्यात आढळले. म्हणजेच निदान होऊनही उपचारांची साखळी मध्येच तुटते.

ही साखळी कोठे तुटते, याचे उत्तर बऱ्याच अंशी खर्चाच्या रचनेत दडलेले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या कमाल किमतीवर मर्यादा घातली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. ही पावले निश्चितच स्वागतार्ह आहेत. तथापि रक्तदाबाची रोजची गोळी या विमा संरक्षणात येत नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळाली तरच मजूर किंवा अल्पभूधारक शेतकरी ती वर्षानुवर्षे घेऊ शकेल. केंद्रात औषध नसेल आणि दर महिन्याला एका दिवसाची मजुरी बुडणार असेल, तर कोणताही त्रास न जाणवणाऱ्या आजाराचे औषध बंद होणे स्वाभाविकच आहे.

हे टाळता येते, हेही देशात दिसून आले आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र, केरळ, पंजाब, मध्य प्रदेश आणि तेलंगण या राज्यांचा पहिल्या टप्प्यात समावेश होता. मोजक्या औषधांची ठरावीक उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, एकाच भेटीत महिनाभराच्या गोळ्या आणि न येणाऱ्या रुग्णाचा परिचारिका व आरोग्यसेविकांमार्फत पाठपुरावा, ही त्याची सूत्रे आहेत. त्यात महागडे तंत्रज्ञान काहीही नाही. तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा कायदा आणि खाद्यपदार्थांतील ट्रान्स फॅटवर २०२२ पासून लागू झालेली दोन टक्क्यांची मर्यादा हे उपायही याच दिशेचे आहेत. त्यांची अंमलबजावणी किती काटेकोर होते, यावर त्यांचे यश अवलंबून राहील.

असंसर्गजन्य आजारांमुळे होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एक तृतीयांशाने कमी करण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत समाविष्ट आहे. त्या मुदतीला आता फार अवधी उरलेला नाही. श्रीमंत देशांना आजाराची कारणे शोधण्यापासून सुरुवात करावी लागली आणि त्यात त्यांची अनेक दशके गेली. भारताला ती कारणे आणि त्यांवरील उपाय आयते उपलब्ध आहेत. मोठ्या शहरांतील हृदयरोग रुग्णालयांची संख्या वाढणे गरजेचे आहेच. परंतु देशाच्या प्रगतीची खरी कसोटी दूरच्या गावातील आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजण्याचे यंत्र चालू स्थितीत आहे की नाही आणि पुढील महिन्याची गोळी कपाटात शिल्लक आहे की नाही, यावर लागणार आहे.