वाचून मिळणारा वारसा

१९१७ ची क्रांती आणि त्यापाठोपाठचे यादवी युद्ध यांमुळे दहा ते वीस लाख माणसे रशियाबाहेर पडली. बर्लिन, प्राग, पॅरिस, हार्बिन अशा शहरांत ती विखुरली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी अनेकांची बोली आज फ्रेंच, जर्मन वा इंग्रजी आहे. त्यांपैकी कुणाला आपल्या मुळांशी पुन्हा नाते जोडावेसे वाटले, तर हाताशी असतात ती मुख्यतः पुस्तके. अशा वाचनातून वारसा खरोखर हाती लागतो का, आणि लागलाच तर कोणता, हा प्रश्न आम्हांला साहित्याच्या अभ्यासकांनी विचारावा असा वाटतो.

पुस्तकांत देश शोधण्याची रीत स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीनेच घालून दिली. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या तरुण नाबोकोव्हला बाजारातल्या एका दुकानात दालचा चार खंडांचा रशियन शब्दकोश मिळाला. आपली भाषा परदेशात गंजून जाईल या धास्तीने तो रोज त्याची निदान दहा पाने वाचू लागला, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. पॅरिसमध्ये १८७५ पासून तुर्गेनेव्हच्या नावाने ओळखले जाणारे रशियन ग्रंथालय होते. १९४० मध्ये नाझींनी तेथील सुमारे एक लाख पुस्तके उचलून नेली. ज्यांची भूमी आधीच सुटली होती, त्यांच्यासाठी हा दुसरा देशत्याग होता.

परंतु या कोशकाराकडेच जरा निरखून पाहावे. व्लादिमीर दालचे वडील डेन्मार्कहून आलेले. तो स्वतः १८०१ मध्ये जन्मला तो लुहान्स्कजवळ, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये. रशियन भाषेचा सर्वांत प्रसिद्ध भांडारी असा सीमेवरचा माणूस होता. गोगोलचा जन्मही युक्रेनमधलाच. २०२२ पासून चाललेल्या युद्धाच्या काळात ‘रशियन वारसा’ हा शब्द उच्चारताना ही गुंतागुंत दृष्टीआड करता येत नाही.

आणि नेमकी तीच दृष्टीआड करण्याकडे वारसदार वाचकाचा ओढा असतो. समोवार, भूर्जवृक्ष, जमीनदारांचे वाडे, नृत्यसमारंभ एवढाच रशिया त्याला हवासा वाटतो. हे चित्र खोटे नाही, पण ते एका वर्गाचे आहे. त्या वाड्यांभोवतीचे भूदास १८६१ पर्यंत माणसांसारखे मोजले जात नव्हते, हे त्यात येत नाही. याउलट युद्धाने व्यथित झालेले काही वाचक तो वारसाच नाकारू पाहतात. आम्हांला दोन्ही वाटा सारख्याच सोप्या वाटतात.

अवघड वाट फ्रेंच लेखक एमान्युएल कारेर याने घेतली. २००७ च्या ‘एक रशियन कादंबरी’ या पुस्तकात तो बालपणीची रशियन भाषा पुन्हा मिळवू पाहतो, कोतेल्निच या आडगावी जाऊन राहतो. त्याची आई एलेन कारेर दांकोस रशियाच्या इतिहासाची ख्यातनाम अभ्यासक. पण तिच्या घरात एक विषय वर्ज्य होता. जॉर्जियाहून आलेले तिचे वडील युद्धकाळात बोर्दो येथे जर्मनांसाठी दुभाष्याचे काम करीत आणि १९४४ मध्ये कायमचे नाहीसे झाले. आपल्या हयातीत हे लिहू नये अशी आईची इच्छा असतानाही मुलाने ते लिहिले. भाषेच्या मागावर निघालेला माणूस घरातल्या मौनापाशी येऊन पोहोचला. आईला दुखावण्याचा त्याला अधिकार होता का, याविषयी मतभेद होऊ शकतो. मात्र त्याच्या शोधाची दिशा खरी होती याविषयी आम्हांला शंका नाही.

आपल्या परंपरेत ऋषिऋण अध्ययनाने फिटते आणि पितृऋण संततीने, असे सांगितले आहे. दुरावलेल्या देशाविषयी वाचणाऱ्याच्या बाबतीत ही दोन्ही ऋणे एकत्र येतात, कारण पूर्वजांचे देणे तो अध्ययनानेच फेडू शकतो. म्हणूनच त्याने काय वाचावे हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. तोलस्तोयबरोबर त्याने शालामोव्हच्या कोलिमाकथाही वाचाव्यात. आपल्या माणसांनी सोसले ते वाचावे, तसेच त्यांनी इतरांना सोसायला लावले तेही. वडिलार्जित मिळकत स्वीकारणाऱ्याला तिच्यावरचा बोजा नाकारता येत नाही, हा व्यवहारातला नियम वाङ्मयीन वारशालाही लागू पडतो.