माग आपला, सूत दुसऱ्याचे

माग आपला, सूत व्यापाऱ्याचे, हा मजुरीचा व्यवहार भिवंडीकरांस परिचित आहे. स्मार्टफोनची गत निराळी नाही. ‘ग्रॅफीनओएस’सारखी खासगीपण जपणारी प्रणाली बसवून मालकी परत मिळविता येते खरी, पण ती चालते पिक्सेल फोनवर, आणि तोही गूगलचाच! शिवाय कित्येक बँकांची ॲप्स अशा फोनला दारातच अडवितात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. अँड्रॉइडमधील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मग प्रणाली बदलणारा ग्राहक बँकेस संशयित का वाटावा? परीक्षा अवश्य घ्यावी. मात्र ती फोनच्या सुरक्षिततेची असावी, गूगलच्या शिक्क्याची नव्हे. रिझर्व्ह बँकेने तसा दंडक घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.