विश्लेषण : दुचाकीच्या प्रत्येक दुखण्यावर एकच स्प्रे? गंज निघेल, पण ब्रेकचे काय?

पावसाळा तोंडावर आला की सदरच्या गल्ल्यांमधील गॅरेज आणि वॉशिंग सेंटरवर दुचाकींची गर्दी वाढते. गाडी धुऊन झाली की मिस्त्री स्प्रेचा डबा हलवतो, त्याला बारीक नळी लावतो आणि चेनपासून स्विचपर्यंत, नट-बोल्टपासून चाकाच्या रिमपर्यंत फवारा मारत सुटतो. दोन मिनिटांत गाडी चकाकते, कुरकुर थांबते आणि ग्राहक खूश होऊन निघून जातो. आता हाच डबा ऑनलाइन मागवून घरच्या घरी गाडी 'सर्व्हिस' करणारेही कमी नाहीत.

हा स्प्रे कामाचा आहे, यात वाद नाही. वाद आहे तो 'कुठेही मारा, चालते' या सवयीशी. कारण दुचाकीचे काही भाग गुळगुळीत राहायला हवेत आणि काही भाग अजिबात गुळगुळीत होता कामा नयेत. हा फरक विसरला, तर त्याची किंमत रेसिडेन्सी रोडवर समोरची गाडी अचानक थांबली की कळते.

हा स्प्रे नेमका आहे काय?

या प्रकारातले सर्वांत परिचित नाव डब्ल्यूडी-४०. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील रॉकेट केमिकल कंपनीने १९५३ मध्ये तो तयार केला. नावातच काम सांगितले आहे : 'वॉटर डिस्प्लेसमेंट', म्हणजे पाणी हटवणे, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेले मिश्रण. अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या पातळ धातूच्या कवचाला गंज लागू नये, यासाठी त्याचा सुरुवातीला वापर झाला. १९५८ मध्ये तो डब्यात भरून दुकानांत आला. आज अशाच प्रकारचे इतर कंपन्यांचेही अनेक स्प्रे बाजारात मिळतात.

म्हणजे हे द्रव्य जन्माला आले ते पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी. वंगण हे त्याचे दुय्यम काम. डब्यातील मोठा हिस्सा पेट्रोलियमपासून बनलेल्या पातळ द्रावकाचा असतो, त्याहून कमी तेल असते आणि फवारा बाहेर ढकलण्यासाठी दाबाखाली भरलेला वायू असतो. द्रावक बारीक फटीत शिरतो, जुने ग्रीस आणि घाण सैल करतो आणि उडून जातो. मागे उरतो तो तेलाचा पातळ थर. एवढी एक गोष्ट समजली की स्प्रे कुठे मारायचा आणि कुठे नाही, याची बहुतेक उत्तरे आपोआप मिळतात.

कुठे उपयोगी पडतो?

गंजून बसलेल्या बोल्टवर फवारा मारून दहा-पंधरा मिनिटे थांबले, तर पाना सहज फिरतो. बोल्टचे डोके झिजत नाही. नव्या डांबरी रस्त्यावरून आल्यावर मडगार्डला चिकटलेले डांबराचे ठिपके, जुन्या स्टिकरचा गोंद, क्रोमवर आलेला वरवरचा गंज हे सारे फडक्यावर थोडा स्प्रे घेऊन पुसले की निघते. मॅट रंगाच्या टाकीवर मात्र डाग राहू शकतो, म्हणून तिथे आधी कोपऱ्यात थोडे लावून पाहावे. पावसात भिजल्याने प्लगच्या टोपीत ओल शिरून गाडी सुरू होत नसेल, तर इंजिन थंड असताना आणि किल्ली काढून तिथे हलका फवारा मारल्यास पाणी हटते. विजेच्या जोडण्यांसाठी मात्र मागे तेलकट थर न ठेवणारा 'कॉन्टॅक्ट क्लीनर' जास्त योग्य.

या सगळ्या कामांत एक समान धागा आहे. स्प्रे इथे मोकळे करतो, पुसतो, ओल काढतो. कायमचे वंगण म्हणून तो कुठेच वापरलेला नाही.

चेनला मारावा का?

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतो. उत्तर असे की, चेन साफ करायला तो चालतो. चेन वंगण करायला पुरत नाही. चेनच्या कड्यांवर प्रचंड दाब येतो. तो सहन करायला दाट, चिकटून राहणारे तेल लागते. पातळ थर काही किलोमीटरमध्येच उडून जातो, मग कोरडी चेन स्प्रॉकेटचे दात खाऊ लागते.

अनेक नव्या, विशेषतः मोठ्या इंजिनाच्या गाड्यांच्या चेनमध्ये कड्यांच्या आत ग्रीस भरून ते छोट्या रबरी कड्यांनी, म्हणजे ओ-रिंगने, बंद केलेले असते. स्प्रे मारला की ओ-रिंग लगेच फाटते, हा समज खरा नाही. पण तेवढ्याने चेनचे वंगण झाले, हा समज त्याहून घातक. पेट्रोलने चेन धुणे आणि तारेच्या ब्रशने ती घासणे, या दोन गोष्टींनी ओ-रिंगचे खरे नुकसान होते.

योग्य पद्धत साधी आहे. मऊ ब्रश आणि केरोसीन किंवा चेन क्लीनरने घाण काढावी, कोरड्या फडक्याने पुसावी आणि मग चेन ल्यूब किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले गिअर ऑइल आतल्या बाजूने लावावे. अनेक कंपन्या हे काम साधारण दर ५०० किलोमीटरला करायला सांगतात. दिवसभर शहरात फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या गाडीचे ५०० किलोमीटर आठवडाभरातही भरू शकतात. पावसात किंवा धुळीच्या रस्त्यावर त्याहून लवकर करावे.

आणि एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नये : इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडके धरणे. फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते आणि त्याच्यासोबत बोटेही. मेन स्टँडवर गाडी लावावी, इंजिन बंद ठेवावे, गिअर न्यूट्रल ठेवावा आणि चाक हातानेच फिरवावे.

खरा धोका ब्रेकचा

ब्रेकचे सगळे काम घर्षणावर चालते. डिस्क ब्रेकमध्ये पॅड फिरत्या चकतीला घट्ट धरतात, तर ड्रम ब्रेकमध्ये ब्रेक शू आतून ड्रमवर दाबले जातात. मध्ये तेलाचा थर आला की पकड सुटते. चेनवर, रिमवर किंवा स्पोकवर मारलेल्या फवाऱ्याचे थेंब हवेबरोबर डिस्कवर सहज पोहोचतात. डोळ्याला ते दिसतही नाहीत.

हिशोब मांडून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ब्रेक दाबायचे डोक्यात येऊन हात हलेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातो. त्यानंतर चांगल्या ब्रेकने कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे १० मीटर लागतात. ब्रेकची पकड निम्मी झाली, तर हेच अंतर दुप्पट, म्हणजे २० मीटर होते. वाढलेले हे १० मीटर एलआयसी चौकातल्या सिग्नलवर कुठून आणणार? तिथे समोर बस असते, ऑटो असतो किंवा रस्ता ओलांडणारी शाळकरी मुले असतात.

'माझ्या गाडीला एबीएस आहे' हे उत्तर इथे उपयोगाचे नाही. १ एप्रिल २०१९ पासून देशात १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालील गाड्यांना किमान कॉम्बी ब्रेक बंधनकारक झाले. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढेच. जी पकड तेलाने घालवली, ती एबीएस परत आणू शकत नाही.

डिस्कवर चुकून स्प्रे पडलाच, तर ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन ती पुसावी. पॅडने तेल शोषले असेल, तर घासून किंवा भाजून ते वाचवण्याचा खटाटोप करू नये, पॅड बदलावेत. त्यानंतर मोकळ्या जागी, अगदी कमी वेगात ब्रेक तपासूनच रस्त्यावर यावे.

टायर, सीट आणि छर्रे

टायर काळेभोर दिसावेत म्हणून त्यांवर स्प्रे मारणे किंवा सीटला चमक आणणे, हे प्रकार बंदच व्हायला हवेत. टायरच्या कडेवर तेल राहिले, तर वळणावर गाडी झुकताच घसरू शकते. तेलकट सीटवर मागे बसलेली व्यक्ती ब्रेक लागताच पुढे सरकते. चाकाचे बेअरिंग आणि हँडलच्या कोनसेटमध्ये जाड ग्रीस असते. आवाज येतो म्हणून तिथे फवारा मारला, तर ग्रीस पातळ होऊन निघून जाते. आवाज दोन दिवस थांबतो आणि छर्रे मात्र झिजू लागतात. साइड स्टँडच्या खिळीलाही ग्रीसच लावावे.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरकरांनी जे पाहिले, ते विसरता येणार नाही. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अनेक दुचाकी पाण्याखाली गेल्या.

अशा गाडीला स्प्रे मारून किक मारणे म्हणजे दुरुस्तीचा खर्च वाढवणे. इंजिनात पाणी असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी बॅटरीची जोडणी काढावी, ऑइल पाहावे. ते दुधाळ दिसले, तर पाणी आत गेले आहे, हे नक्की. ऑइल, फिल्टर आणि प्लग पाहिल्याशिवाय गाडी सुरू करू नये. स्प्रे फक्त बाहेरच्या धातूच्या भागांवर, गंज लांबवण्यासाठी.

ऊन, आग आणि श्वास

डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते : ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास असतो. मग उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किंवा बंद कारमध्ये काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो. डबा दाबाखाली असतो आणि आतले द्रव्य ज्वलनशील. तापलेल्या सायलेन्सरवर, सुरू इंजिनावर किंवा जवळ विडी-सिगारेट पेटलेली असताना फवारा मारणे म्हणजे आगीला आमंत्रण. गाडी सुरू व्हावी म्हणून एअर फिल्टरच्या तोंडात स्प्रे मारणे हाही असाच जिवावरचा उपाय.

घरात लहान मुले असतील, तर डबा कुलपात ठेवावा. द्रव्य पोटात गेले, तर उलटी करायला लावू नये. कारण उलटीसोबत ते फुप्फुसात जाऊ शकते. डबा सोबत घेऊन थेट मेयो, मेडिकल किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. रिकामा डबा टोचू किंवा जाळू नये; ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांचा विचार तर कुणीच करत नाही. शटर अर्धे ओढलेल्या दहा बाय दहाच्या दुकानात दिवसभर हा धूर नाकात जातो, हात द्रावकात भिजतात. हातमोजे आणि उघडे शटर हा फार मोठा खर्च नाही.

दोष कुणाचा?

एकट्या मिस्त्रीवर खापर फोडणे सोपे आहे. पण गाडी धुतल्यावर त्यावर डिझेल मारायची पद्धत या डब्यांच्याही आधीपासून आहे. ग्राहकाला चकाकणारी गाडी हवी असते, म्हणून ती चालत आली. स्प्रेने फक्त जुन्या सवयीला नवा डबा दिला. डिझेल असो वा स्प्रे, ब्रेकला दोन्ही सारखेच घातक.

म्हणून बदल ग्राहकापासून सुरू व्हावा. गाडी वॉशिंगला देताना 'चाकावर काही मारू नका' हे स्वच्छ सांगावे आणि घेताना चार पावलांवर दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. विक्रेत्यांनी आणि कंपन्यांनी डब्यावर 'ब्रेक आणि टायरवर वापरू नये' ही एक ओळ मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावी. इंग्रजीतली बारीक सूचना वाचून कुणी फवारा मारत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. गॅरेजवाल्यांनी दोन डबे वेगळे ठेवावेत : एक सफाईचा, दुसरा चेनच्या वंगणाचा.

घरी स्प्रे वापरणाऱ्यांसाठी नियम एकच. फवारा मारण्याआधी विचारावे, 'हा भाग सरकायला हवा की पकडायला हवा?' सरकायला हवा असेल, तर स्प्रेने साफ करून योग्य वंगण लावावे. पकडायला हवा असेल, तर डबा खाली ठेवावा. आणि चेनजवळ काम करताना डिस्कवर जुने फडके किंवा पुठ्ठा झाकायला विसरू नये. फुकटातला हा उपाय कोणत्याही महागड्या स्प्रेपेक्षा जास्त कामाचा आहे.